नवा गळ आणि पांझरेची संध्याकाळ



गळ टाकून नदीकांठीं बसणाऱ्या मनुष्याला आपल्याकडे सहसा रिकामटेकडा समजतात. तथापि बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर या राजानें ‘मानसोल्लास’ नांवाचा जो प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला, त्यांत ‘मत्स्यविनोद’ हें स्वतंत्र प्रकरण घातलें आहे. माशांच्या जाति, त्यांना घालावयाचें खाद्य, दोरी आणि काठी यांचा विचार एका राजाला लिहून ठेवण्याजोगा वाटला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मलाहि या विषयावर चार शब्द बोलण्यास संकोच वाटत नाहीं. आज मला सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, गळाचें नवें साधन हातीं आलें असतां त्याची पारख कशी करावी आणि ती आधींच कां करावी.

आपल्या खेड्यांतील जुनें साधन म्हणजे वेळूची काठी, तिच्या शेंड्याला बांधलेला दोरा, मोरपिसाच्या देठाचा तरंग आणि गळाला टोंचलेलें गांडूळ. दोरा काठीपुरताच लांब. म्हणून मासा पायांपाशीं असेल तेव्हांच लाभावयाचा. रिळाची कल्पना मात्र फार जुनी आहे. चीनमधील मा युआन या चित्रकाराच्या ११९५ च्या सुमाराच्या एका चित्रांत नावेंत बसलेल्या कोळ्याच्या काठीला रीळ स्पष्ट दिसतें. पुढें १९०५ सालीं इंग्लंडांत इलिंगवर्थ यांनीं स्थिर फिरकीच्या रिळाचें पेटंट घेतलें. त्यांत फिरकी न फिरतां दोरा तिच्या कडेवरून वेटोळ्या-वेटोळ्यांनीं सुटतो, आणि त्यामुळें हलकें आमिषहि दूर फेंकतां येतें. १९३५ सालीं अमेरिकेंत कॅरोदर्स यांनीं नायलॉन तयार केलें, आणि कांहीं वर्षांतच पाण्यांत न कुजणारा, दिसेल न दिसेल असा दोरा कोळ्यांच्या हातीं आला. आज तालुक्याच्या गांवींहि मिळणाऱ्या काठीमागें एवढा इतिहास आहे.

नवीन रिळाला एक लहानसा स्क्रू असतो. तो आवळला असतां दोरा घट्ट धरला जातो. सैल केला असतां मासा ओढील तसा दोरा सुटतो. सर्व मर्म या स्क्रूंत आहे. दोरा पांच किलोंचा ताण सोसणारा असेल, तर सव्वा ते दीड किलोच्या ओढीला रीळ सुटलें पाहिजे. कारण मासा एकाएकीं हिसका देतो, आणि गांठीपाशीं दोऱ्याचें बळ मुळांतच कमी झालेलें असतें. हें अंदाजानें ठरवूं नये. शाळेच्या प्रयोगशाळेंत असतो तसा ताणकाटा दोऱ्याच्या टोकाला अडकवावा आणि कोणाला तरी ओढावयास सांगून आंकडा पाहावा. गांठ आवळण्यापूर्वीं ती ओली करावी. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेनें नायलॉन दुबळें होतें. गळाच्या जागीं नुसती शिशाची गोळी बांधून मोकळ्या शेतांत फेंक साधावी. हें सर्व घरीं व्हावें, नदीवर नव्हे.

माझ्या पुतण्यानें गेल्या मार्गशीर्षांत अशीच एक काठी आणली. वरील सर्व उपचार अंगणांत पार पाडून आम्ही दोघे पिंपळनेरजवळ पांझरेवर गेलों. ही नदी पश्चिमेच्या डोंगरांतून उतरते, लाटीपाड्याच्या धरणांत अडते, आणि पुढें धुळ्यावरून तापीकडे जाते. शतकानुशतकें शेतकऱ्यांनीं हिच्यावर बंधारे घालून, पाट काढून, फड पद्धतीनें पाणी वांटून घेतलें. बंधाऱ्याखालीं पाणी खळाळतें, त्यांत हवा मिसळते, वाहून आलेलें अन्न सांचतें. म्हणून तेथें मासा असतो. सूर्य कलला म्हणजे किडे पाण्यावर उतरतात, बारीक मासळी उथळांत येते, आणि तिच्या मागोमाग मरळीसारखे शिकारी मासे कांठाशीं सरकतात. माशाच्या अंगावरील रेषेला पाण्यांतील कंप कळतात. सबब कांठावर पाय आपटून चालणाऱ्याचें आगमन त्याला आधींच समजलेलें असतें.

पुतण्यानें उत्साहानें दोरा पार पैलतीराजवळ फेंकला. अर्धा तास गेला, कांहीं लागेना. जवळच वेळूची काठी घेऊन एक वयस्क भिल्ल गृहस्थ स्वस्थ बसले होते. ते हंसून म्हणाले, “गुरुजी, दोरा कितला बी लांब टाका, मासा त आठेच काठले शे.” पुतण्यानें त्यांचें ऐकलें, चार पावलें मागें सरून, वांकून, कांठालगतच आमिष सोडलें. दिवेलागणीच्या सुमारास काठीचा शेंडा लवला. रीळ करकरलें, दोरा सुटूं लागला, पुन्हा थांबला. मुलानें घाई केली नाहीं. मासा ओढी तेव्हां दोरा दिला, थके तेव्हां गुंडाळला. वर आली ती वीतभर मरळ. हात ओले करून त्यानें तिच्या ओंठांतील गळ काढला आणि तिला पाण्यांत सोडून दिलें. ते गृहस्थ नुसते मान हालवून पाहत राहिले.

आतां मूळ मुद्द्याकडे वळतों. पूर्वींचा सुती दोरा तुटला तर तो कालांतरानें कुजून जाई. नायलॉनचें तसें नाहीं. न पारखलेला दोरा तुटला म्हणजे मासा गळासकट निघून जातो. तोंडांत कांटा आणि मागें न कुजणारी दोरी घेऊन तो झुडपांत अडकतो आणि उपाशी मरतो. कांठावर टाकलेल्या तुकड्यांत बगळ्यांचे पाय गुंततात, चरणाऱ्या गुरांच्या पोटांतहि ते जाऊं शकतात. आपल्या निष्काळजीपणाचें प्रायश्चित्त असें मुक्या प्राण्यांना भोगावें लागतें. अंगणांतल्या त्या अर्ध्या तासाच्या परीक्षेचें महत्त्व यांत आहे. शिकारीचें यश वाढतें हा तिचा गौण लाभ होय.

आणखी दोन गोष्टी सांगून मी आपली रजा घेतों. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना देण्याची पद्धत आपल्या राज्यांत आहे. तेथें विचारल्यावांचून गळ टाकूं नये, कारण जो आपला विरंगुळा तोच तेथील कुटुंबांचा घास आहे. दुसरी गोष्ट, पावसाळ्याच्या आरंभीं रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे अंडीं घालतात आणि मरळीची जोडी आपल्या पिलांची राखण करीत फिरते. त्या दिवसांत काठी खुंटीवर असावी. रीळ उघडून, पुसून, तेलाचा एक थेंब देऊन ठेवण्यास तो काळ उत्तम होय. आणि नदीवरून परततांना खिशांत मासा नसला तरी चालेल, दोऱ्याचे तुकडे मात्र असावेत.