लुटुपुटीच्या राज्यातला बाजार



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही स्नेह्यांनी आम्हांला हटकले. ज्या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण आणि समाजकारण यांचा ऊहापोह व्हावा, तेथे पोरांच्या संगणकावरील खेळाला जागा कशाला, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन टाकतो. आम्हांला बोलायचे आहे ते अर्थकारणावरच. राक्षस, जादूगार, तलवारी आणि चिलखते यांनी भरलेली ही राज्ये सर्वस्वी कल्पित आहेत. परंतु त्या राज्यांत जो बाजार भरतो तो मात्र खराखुरा आहे. आणि वस्तूला मोल कोठून येते, हा जुना प्रश्न तेथे जितका उघडा दिसतो तितका आपल्या मंडईतही दिसत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. बुद्धिबळाचा डाव मांडला म्हणजे तो केव्हातरी संपतो. हा खेळ संपत नाही. इंटरनेटच्या द्वारे हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक प्रदेशात वावरत असतात. प्रत्येकाचा एक वेषधारी प्रतिनिधी असतो, आणि आपण झोपलो तरी ते राज्य जागेच राहते. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००१ साली इंग्लंडमधील गॉवर बंधूंचा ‘रूनस्केप’ असे हे खेळ एकामागून एक आले. आमचा परिचय आहे तो मुख्यतः रूनस्केपशी. त्याची २००७ सालची जुनी आवृत्ती खेळाडूंच्या मागणीवरून २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि आजही ती जोमाने चालू आहे.

या राज्यात माणूस येतो तो जवळजवळ कफल्लक. पहिल्याच दिवशी राक्षस मारून गब्बर व्हावे, असा बेत कोणी करीत असेल तर त्याने तो सोडून द्यावा. प्रथम झाडे तोडायची, खाणीत कुदळ चालवायची, मासे धरायचे. आम्हीही पोर्ट सॅरिम नावाच्या बंदरातून तीस नाणी उतारू-भाडे भरून करामजा बेटावर गेलो आहोत आणि तेथे पिंजरे लावून शेवंड पकडीत बसलो आहोत. हा शेवंड सहजासहजी मिळत नाही. मासेमारीची चाळिसावी पायरी गाठल्यावरच तो पिंजऱ्यात येतो. तोवर कोळंबीसारख्या किरकोळ मालावर भागवावे लागते. मग असे ध्यानात येते, की ज्याला लढायचे आहे त्याला मासे धरायला सवड नसते. त्याला शिजवलेला शेवंड हवा असतो, आणि आपल्याला त्याची नाणी हवी असतात. श्रमविभागाचा जो धडा अर्थशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात असतो तो येथे पोटापाण्याच्या निकडीने शिकावा लागतो.

आरंभीच्या काळात हा व्यापार मोठा मौजेचा होता. व्हॅरॉक आणि फॅलडोर या शहरांतील पेढ्यांसमोर खेळाडू दाटीवाटीने उभे राहत आणि आपापल्या मालाचा पुकारा करीत. घासाघीस होई, फसवणूकही होई. पुढे २००७ च्या नोव्हेंबरात ‘ग्रँड एक्स्चेंज’ नावाची पेठ उघडली. तेथे विकणाऱ्याने आपला भाव लिहून द्यायचा, घेणाऱ्याने आपला द्यायचा, आणि दोहोंची गाठ पडली की सौदा पुरा. दोघे परस्परांचे तोंडही पाहत नाहीत. जुन्या आवृत्तीत हीच पेठ २०१५ साली आली, तीही खेळाडूंचे मत घेऊन.

पेठ आली आणि तिच्यामागून अडत्या आला. घाई असलेला माणूस चढा भाव देऊन घेतो आणि उतरत्या भावाने विकून मोकळा होतो. धीर असलेला माणूस या दोन भावांच्या मधल्या फटीत बसतो. त्याने ना झाड तोडले, ना मासा पकडला. तरी संध्याकाळी त्याची थैली भरलेली. पुष्कळ खेळाडू त्याच्यावर दात खातात. परंतु तो नसता तर घाईच्या माणसाला गिऱ्हाईकाची वाट पाहत तिष्ठावे लागले असते, हेही विसरता येत नाही. त्याने साऱ्या पेठेतला माल उचलून ठेवू नये म्हणून चालकांनी एक नियम केला आहे: दर चार तासांत एका खेळाडूला एक वस्तू ठराविक संख्येपर्यंतच घेता येते. साठेबाजीवरचा हा निर्बंध पाहून कोणाही पुरवठा अधिकाऱ्याला हेवा वाटेल, कारण तेथे तो मोडण्याची सोयच नाही.

आता नाण्यांकडे वळू. नाणी पाडतो कोण? येथे टाकसाळ एके ठिकाणी नाही. ती खेळाडूंच्या हातांतच आहे. राक्षस मारला की नाणी पडतात. शिवाय जादूविद्येच्या पंचावन्नाव्या पायरीवर एक मंत्र मिळतो, ज्याने वस्तू नाहीशी होते आणि तिच्या जागी नाणी येतात. ‘यू’ नावाच्या झाडाच्या लांब धनुष्याची त्या मंत्राने ७६८ नाणी होतात, मग पेठेतला भाव काहीही असो. म्हणजे धनुष्याचा भाव फार कोसळला तर कोणीतरी ती विकत घेऊन मंत्राने त्यांची नाणी करणारच. आपल्याकडे शेतमालाला हमीभाव असावा असे म्हणतात तसाच हा हमीभाव झाला. भेद एवढाच, की येथे सरकारच्या तिजोरीतून काही जात नाही. नवीन नाणी हवेतून उत्पन्न होतात.

आणि हवेतून नाणी उत्पन्न होऊ लागली की काय होते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. अल्टिमा ऑनलाइनच्या कर्त्यांनी आरंभी असा घाट घातला होता, की राज्यातली एकंदर सामग्री ठराविक असावी आणि तीच फिरत राहावी. परंतु माणसाने तेथेही आपला स्वभाव सोडला नाही. लोकांनी माल घरात कोंबून ठेवला, फिरणारी सामग्री आटली, आणि कर्त्यांना तो बेत सोडावा लागला. तेव्हापासून बहुतेक खेळांनी नळ आणि मोरी यांची रीत धरली: एकीकडून नाणी येऊ द्यायची आणि दुसरीकडून वाहून जाऊ द्यायची. मोरी तुंबली की भाव चढतात. रूनस्केपच्या जुन्या आवृत्तीत २०२१ च्या डिसेंबरपासून पेठेतल्या विक्रीवर एक टक्का कर बसला, आणि २०२५ मध्ये तो दोन टक्के झाला. त्या कराच्या पैशातून पेठेतला काही माल विकत घेऊन नष्ट करण्यात येतो. कराचा असा विनियोग ऐकून आपण हसाल. पण भाव सावरण्यासाठी जगातल्या सरकारांनी पिके जाळल्याची उदाहरणे इतिहासात आहेतच.

मोल केवळ श्रमानेच येते असेही नाही. २००१ च्या नाताळात रूनस्केपमध्ये कागदी टोप्या वाटण्यात आल्या. सहा रंगांच्या या टोप्या गंमत म्हणून रस्तोरस्ती टाकल्या होत्या. त्या घालून अंगात बळ येत नाही की वार चुकत नाही. परंतु तशा टोप्या पुन्हा काढायच्या नाहीत असे ठरले, आणि जसजशी वर्षे लोटली तसतसा त्यांचा भाव गगनाला भिडला. त्या खेळात एका थैलीत २,१४,७४,८३,६४७ नाण्यांहून अधिक मावत नाहीत, कारण संगणकाच्या मोजणीचे घर तेथे भरते. टोपीचे मोल त्याही पलीकडे गेले, आणि पेठेला तो सौदा पेलेना. आपल्याला याचे नवल वाटू नये. मालदीवच्या समुद्रातला एक शिंपला आपल्याकडे शतकानुशतके चलन म्हणून चालला. ती कवडी गेली, तरी ‘फुटकी कवडी’ आपल्या तोंडी राहिली आहे.

२००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोवा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एव्हरक्वेस्टमधील नॉराथ या राज्याचा हिशेब मांडला. खेळातली नाणी आणि वस्तू बाहेर डॉलरना विकल्या जात. त्या भावांवरून त्याने असे काढले, की तेथला माणूस तासाला सुमारे ३.४२ डॉलर इतके मोल निर्माण करतो, आणि दरडोई उत्पन्नात हे नसलेले राज्य त्या वेळच्या भारताच्या आणि चीनच्या पुढे आहे. आपल्या देशाला एका काल्पनिक राज्याने मागे टाकावे, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ज्या राज्यात एक दाणा पिकत नाही तेथल्या तासाला आपल्या शेतमजुराच्या तासाहून अधिक भाव येत होता, हा त्याचा सरळ अर्थ.

हे कळले तेव्हा खऱ्या जगातला गरीब माणूस त्या राज्यात मजुरीला गेला. नियमाने ते निषिद्ध आहे. चालकांनी २००७ च्या डिसेंबरात असमान देवघेवीवर कडक मर्यादा घातली. त्यात चोर अडकले, तसा मित्राला भेट देणारा साधा खेळाडूही अडकला. अखेर २०११ च्या फेब्रुवारीत, खेळाडूंचे मत घेऊन, देवघेव पुन्हा मोकळी करण्यात आली. २०१३ पासून चालकांनी स्वतःच एक रोखा काढला आहे. तो पैसे देऊन घ्यावा आणि पेठेत नाण्यांना विकावा. ज्याच्यापाशी पैसा आहे पण वेळ नाही, आणि ज्याच्यापाशी वेळ आहे पण पैसा नाही, अशा दोघांची ही गाठ आहे. कारण घेणाऱ्याला त्यातून खेळाची वर्गणी भागवता येते.

तरीही चोरटी मजुरी थांबली नाही. २०१७ च्या सुमारास व्हेनेझुएलात चलन मातीमोल होत असता तेथील अनेक माणसे रूनस्केपमध्ये हिरवे ड्रॅगन मारून त्यांची कातडी आणि हाडे विकत आणि मिळालेली नाणी बाहेर डॉलरना देत. आपल्या देशाच्या नोटेपेक्षा त्यांना लुटुपुटीचे नाणे भरवशाचे वाटले. आणि ते ड्रॅगन जेथे राहतात तेथे एका खेळाडूने दुसऱ्याला मारणे क्षम्य असल्यामुळे, या मजुरांना हुडकून मारण्याचा उद्योग काही खेळाडूंनी आरंभिला. मारणाऱ्याची करमणूक होत होती आणि मरणाऱ्याची रोजी बुडत होती. खेळ आणि धंदा एकाच मैदानावर उतरले म्हणजे माणुसकीची अशी परीक्षा होते.

आता एका खटल्याची हकीकत. २००७ साली नेदरलँड्समधील लेवार्डन गावी दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण केली, सुरीचा धाक दाखविला, आणि रूनस्केपमधील त्याचा ताईत व मुखवटा आपल्या हवाली करायला लावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बचाव असा, की ही वस्तू नव्हेच. हा पडद्यावरचा भास, आणि त्याचीही मालकी खेळ काढणाऱ्या कंपनीची. न्यायालयाने ३१ जानेवारी २०१२ रोजी निर्णय दिला, की ही चोरीच आहे. त्या मुलाने श्रम आणि वेळ खर्चून त्या वस्तू मिळविल्या होत्या, त्यांना त्याच्या लेखी मोल होते, आणि त्या त्याच्या ताब्यातून गेल्या. याच न्यायालयाने १९२१ साली वीज चोरणाऱ्या एका दंतवैद्याला दोषी ठरविले होते. वीजही हाताला लागत नाही. पण ती कोणाची तरी असते आणि ती नेली जाऊ शकते.

या निकालात आमच्या आजच्या म्हणण्याचे सार आहे. खेळ लटका असेल, त्यात ओतलेला तास लटका नसतो. माणसाचा तास जेथे जातो तेथे मोल जाते, आणि मोल जाते तेथे बाजार, कर, चोर आणि न्यायाधीश हे क्रमाने येतातच. मात्र एक उणीव राहते. चोरापासून त्या मुलाला न्यायालयाने वाचविले. उद्या खेळाचे चालकच दुकान बंद करून निघून गेले तर त्याचा ताईत कोणते न्यायालय परत देणार? त्या राज्याचा नळ, मोरी, कर आणि कायदा एकाच कंपनीच्या हातात आहे. खेळाडूंनी आग्रह धरून मताचा हक्क मिळविला तो याच जाणिवेने, आणि तोही कंपनीने दिला तेवढाच.

म्हणून घरात मूल हा खेळ खेळताना दिसले तर ‘किती वेळ घालवतोस?’ एवढेच विचारून थांबू नये. आज काय विकलेस, कोणाला विकलेस, भाव कोणी ठरवला, हेही विचारावे. त्याची उत्तरे ऐकताना आपल्याला आपल्याच मंडईची, आपल्याच नोटेची आणि आपल्याच सातबाराची आठवण होईल. ज्या पोराला तेथे भाव कसा ठरतो हे कळते त्याला येथे तो कोण ठरवतो हे विचारण्याचे धाडस येईल. ते यावे अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.