साहेब गेला, धारा राहिला
(शेतकरी व बलुतेदार मंडळींच्या सभेंतील भाषण)



इंग्रजी अमलांत मुंबईचा गव्हर्नर बदलला कीं तोफा होत, मानपत्रें वाचलीं जात. खेड्यांतल्या कुणब्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. आम्ही इंदापूर तालुक्याची हकीगत सांगतों.

१८२७ सालीं एल्फिन्स्टन साहेब गेले व सर जॉन माल्कम आले. त्याच सुमारास प्रिंगल नांवाचा मुलकी अधिकारी पुणें जिल्ह्याची पाहणी करूं लागला. विलायतेंत शिकलेला, मोठा हुशार. खर्च वजा जातां उरेल त्या उत्पन्नांतले शेंकडा ५५ सरकारचे, असा त्याचा हिशेब. पण जमिनीची प्रत लिहिली कोणीं ? हाताखालच्या कारकुनांनीं ! मूठ गरम करील त्याची काळी बरड ठरे, आणि गरिबाच्या माळावर कागदोपत्रीं ज्वारी डोले. वसुलीसाठीं रयतेचा छळ झाला. जमिनी ओस पडल्या, माणसें शेजारच्या संस्थानी मुलखांत पळालीं. कुणब्याचें खळें रिकामें, मग सुताराला, लोहाराला बलुतें कोठून मिळणार ?

१८३५ सालीं लॉर्ड क्लेअर जाऊन सर रॉबर्ट ग्रँट गव्हर्नर झाले. इंदापुरास गोल्डस्मिड साहेब होते. लष्करी इंजिनेर विंगेट त्यांच्या जोडीस आले. त्यांनीं प्रिंगलची पाहणी रद्दी ठरविली. उत्पन्नाचे तर्क सोडून त्यांनीं माती पाहिली. त्यांच्या पद्धतींत पावणेदोन हात खोल चांगल्या जमिनीस सोळा आणे, आणि खोली कमी होईल तसतशी खालची प्रत. अशा नऊ प्रती. धारा उतरला व ३० वर्षें कायम झाला. ओस पडलेलीं शेतें पुन्हा नांगरलीं गेलीं. साहेब भला निघाला, हें खरें. पण त्याला निवडून कोणीं आणला होता ? आमच्या आजापणजांना तर कोणीं विचारलें नव्हतें.

म्हणून मुदत भरली तेव्हां काय झालें तें पाहा. गोल्डस्मिड वारले होते, विंगेट विलायतेस परतले होते. १८६७ सालीं दुसऱ्या साहेबांनीं फेरपाहणी करून इंदापूरचा धारा चढविला. पुढें कापसाचा भाव उतरला, सावकारानें हात आखडला, आणि मे १८७५ मध्यें सुप्याच्या बाजारांत लोक सावकारांच्या वह्यांवर तुटून पडले. चौकशीचें कमिशन बसलें, तेव्हां या धारावाढीचाहि विचार करणें त्याला भाग पडलें.

ज्यांच्या घरीं त्या वेळच्या पावत्या उतरंडीत किंवा माळ्यावर पडल्या असतील, त्यांनीं त्या पुढच्या सभेस आणाव्यात. १८६७ च्या आधींचा व नंतरचा आकार आपण ताडून पाहूं.