तीन नावं, दोन कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरी आमची सडक अर्जुनी, मुंबई-कोलकाता हमरस्त्यावरची. दोन्ही तालुक्याची ठिकाणं. बाहेरगावच्या एखाद्या संपादकाने पत्त्यावर नुसतं 'अर्जुनी' लिहिलं, की माझा अंक आधी त्या अर्जुनीला जाऊन येतो. दोन गावांचं नाव एक असलं की असा घोटाळा होतो. आज मी याच्या उलट घोटाळ्याबद्दल बोलणार आहे. गोष्ट एकच, पण तिची नोंद दोन ठिकाणी. आणि त्या दोन नोंदी जुळत नाहीत.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाचं शास्त्र मी शिकलेलो नाही. माझा भाचा त्या कामात आहे. त्याला विचारून विचारून जे उमगलं, ते सांगतो.

समजा, गोंदिया स्टेशनच्या खिडकीवर तुम्ही एका गाडीचा शेवटचा बर्थ मागता आणि त्याच क्षणी पुण्याच्या खिडकीवरही कुणीतरी तोच मागतं. तो दोघांनाही का मिळत नाही? रेल्वेने आरक्षणासाठी दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं उभारली आणि 1999 पर्यंत ती एकमेकांना जोडली. युक्ती साधी होती. एका गाडीच्या जागांचा हिशेब पाचांपैकी एकाच केंद्रात ठेवायचा. खिडकी कुठलीही असो, विचारणा तिथेच जाणार. जिची विचारणा आधी पोचेल, तिला बर्थ. वही एकच, म्हणून भांडण नाही.

पण वही एकच असली की दुसरी भीती असते. ती जळाली तर? पूर आला, भूकंप झाला तर? म्हणून बँका आपल्या नोंदींची नक्कल दूरच्या शहरात ठेवतात. नक्कल आली की तंटाही आला. मुंबई ते चेन्नई सरळ अंतर हजार किलोमीटरच्या वर. काचेच्या तारेतून निरोप सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. तरी जाऊन परत यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतोच. तेवढ्या वेळात इकडची वही एक सांगते आणि तिकडची दुसरंच.

यावर दोन रीती आहेत. पहिली रीत अशी, की दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला 'झालं' म्हणायचं नाही. यात नोंद पक्की राहते, पण माणूस ताटकळतो आणि मधली तार तुटली तर काम ठप्प होतं. दुसरी रीत म्हणजे इथे लिहून लगेच 'झालं' म्हणायचं; तिकडे पोचेल सावकाश. यात काम झटपट होतं, पण तिकडे विचारणाऱ्याला शिळं उत्तर मिळू शकतं. एरिक ब्रूअर या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने 2000 साली हेच मांडलं. तार तुटलेली असताना बिनचूक उत्तर आणि तत्काळ उत्तर, दोन्हींची हमी देता येत नाही. 2002 साली ते गणिताने सिद्धही झालं.

या रीती आपल्याला नव्या नाहीत. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिज कुराण तोंडपाठ म्हणतात. त्यांच्या मागे बहुधा दुसरा हाफिज उभा असतो. एक शब्द चुकला, तर तो तिथल्या तिथे सांगतो. दुरुस्त झाल्यावरच पुढे जायचं. ज्ञानेश्वरीचं मात्र दुसऱ्या रीतीने झालं. 1290 साली ग्रंथ झाला, त्याच्या नकला गावोगाव गेल्या आणि लिहिणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत गेले. पुढे 1584 साली एकनाथ महाराजांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं गेली होती.

आता माझी स्वतःची गोष्ट. अब्बांच्या मागे आमची थोडी धानाची जमीन राहिली. वारस आम्ही तिघं: मी, धाकटा भाऊ आणि थोरली बहीण, आमची आपा. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर तिघांचीही नावं चढली. पुढे सातबारे संगणकात गेले. 2017 साली संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी ताडून पाहण्यासाठी राज्यात चावडी वाचनाची मोहीम झाली. आमचा गट आला आणि नावं वाचली गेली. दोनच! आपाचं नाव कुणाच्या तरी हातून उतरवताना सुटलं होतं.

भाऊ माझ्या कानाशी लागला, "राहू दे ना जी. तिले कुठं रोवणीले यायचं हाय?"

खरं सांगतो, क्षणभर मीही गप्प बसलो. संगणकाने परस्पर केलं होतं, आमच्यावर बोट नव्हतं. पण बाजूच्या बाकावर बायका बसल्या होत्या, आपाच्याच वयाच्या. मी उठलो आणि म्हणालो, "एक नाव राहिलं आहे."

मग प्रश्न आला, दोन कागदांपैकी खरा कोणता? नवा तो खरा, की जुना तो खरा? उत्तर दोन्हींत नव्हतं. ते फेरफाराच्या नोंदवहीत होतं. सातबारा सांगतो की आज काय आहे. फेरफार सांगतो की कोणता बदल, कशामुळे आणि कोणत्या क्रमाने झाला. आधी नोंद, मग संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केल्याची सही. आमच्या वारस फेरफारात तिघांची नावं स्वच्छ होती. महसूल कायद्याच्या कलम 155 खाली लेखनातली चूक म्हणून ती दुरुस्त झाली. खेटे बरेच घालावे लागले.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "मामू, आम्हीही तेच करतो." दूरच्या केंद्राला दर वेळी अख्खी वही पाठवत नाहीत. झालेल्या बदलांची यादी पाठवतात, क्रमाने. ती त्याच क्रमाने लागू केली की दोन्ही वह्या जुळतात. तंटा झाला तर यादी बघायची.

2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. सोय मोठी आहे. पण सही अस्सल आहे म्हणून मजकूर बरोबर असेलच, असं नाही. क्रिकेटचा स्कोअर क्षणभर शिळा मिळाला तर कुणाचं बिघडत नाही. जमीन, पैसा आणि रेशन यांच्या बाबतीत मात्र 'थांबा, ताडून बघतो' हेच प्रामाणिक उत्तर आहे. तेव्हा उतारा हाती आला की नावं मोजा. आपली तर मोजाच, बहिणींचीही मोजा.

दुरुस्त उतारा घेऊन मी आपाच्या घरी गेलो. तिला वाचता येत नाही. मी तिन्ही नावं वाचून दाखवली.

ती म्हणाली, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली.