पूररेषेत दाखवलेली उंच जमीन : दुरुस्तीची मागणी कशी करावी?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्येचा माणूस. माझ्याकडून उसाचे बेणे आणि खताच्या मात्रा ऐकायला मिळतील, अशा अपेक्षेने आपण आला असाल. आज मात्र मी पूररेषेबद्दल बोलणार आहे. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी कुठेही गेलो की पिकाची चर्चा संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, आमचं रान उंचावर आहे, 2019 ला सुद्धा तिथं पाणी आलं नाही, मग नकाशात ते निळ्या रेषेच्या आत कसं?"

माझ्या मामांचेच उदाहरण घ्या. वारणाकाठी त्यांची जमीन आहे. खालच्या अंगाला मळी, वरच्या अंगाला 31 गुंठ्यांचे टेकाड. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे, यावरून त्या पुराचा अंदाज यावा. त्या आठवड्यात गल्लीतली सारी जनावरे मामांच्या टेकाडावर बांधलेली होती. पुढे तिथे पक्का गोठा आणि वैरणीची शेड बांधावी म्हणून मामा परवानगीला गेले, तर जागा निळ्या रेषेच्या आत असल्याचे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. ज्या जागेने जनावरे वाचवली, तिथेच गोठा बांधता येत नाही!

आधी या रेषा काय आहेत ते समजून घेऊ. सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथपर्यंत पोहोचेल, ती साधारणपणे निळी रेषा. 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र आणि निळ्या-लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र. पीक घ्यायला कुठेच आडकाठी नाही. प्रश्न येतो तो घर, गोठा, गोदाम बांधताना आणि जमीन बिगरशेती करताना. आणखी एक गैरसमज काढून टाका. 25 वर्षांचा पूर म्हणजे एकदा आला की 25 वर्षे सुट्टी, असे नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता शेकडा 4 असते. म्हणजे 25 वर्षांच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता शेकडा 64 भरते.

मग उंच जमीन आत कशी जाते? अभियंते नदीला आडवे छेद घेतात. त्या त्या छेदावर पुराचे पाणी किती उंचीपर्यंत चढेल याचा हिशेब करतात आणि ती उंची जमिनीच्या समपातळी रेषांवर जुळवून दोन छेदांमध्ये रेषा ओढतात. दोन छेदांच्या मधे तुमचे टेकाड असेल आणि मूळ नकाशात ते बारकाईने आले नसेल, तर रेषा त्याच्यावरून सरळ निघून जाते. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे मला वाटत नाही.

आपल्या भागातील सपाट जमिनीत ही चूक फार महाग पडते. समजा, तुमच्या रानाला 200 मीटरला 1 मीटर उतार आहे. उंचीत केवळ 30 सेंटिमीटरचा फरक पडला, म्हणजे वीतभरापेक्षा थोडा जास्त, तर रेषा जमिनीवर 60 मीटर सरकते. बांधाची लांबी 100 मीटर असेल, तर 6,000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर जमीन इकडची तिकडे होते. म्हणून "आमचं रान उंच आहे" हे तोंडाने सांगून भागत नाही. किती उंच, ते आकड्यात सांगावे लागते.

पहिले काम, पुराच्या पातळीचा आकडा मिळवणे. तुमच्या गटाजवळच्या छेदावर निळ्या आणि लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर धरली आहे, हे जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यालयाकडे लेखी मागा. तोंडी विचारून उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. हा आकडा हातात येण्यापूर्वी मोजणीवर एक रुपयाही घालू नका.

दुसरे काम, जमिनीचे तलांक घेणे. मोबाईलमध्ये दिसणारी उंची इथे कामाची नाही. तिच्यात काही मीटरची चूक सहज असते आणि आपले भांडण सेंटिमीटरचे आहे. जाणकार सर्वेक्षकाकडून लेव्हल यंत्राने दर 10 मीटरवर तलांक घ्या. इथेच बहुतेकांची फसगत होते. सर्वेक्षक आपल्या सोयीसाठी विहिरीच्या कठड्याची किंवा मंदिराच्या पायरीची उंची 100 मीटर धरतो आणि तिथून मोजत जातो. गावातल्या बांधकामाला ते चालते. पण पूररेषेची पातळी समुद्रसपाटीपासूनची असते, तिच्याशी हा आकडा ताडता येत नाही. पूररेषेची पातळी ज्या बेंचमार्कवरून धरली, त्याच्याशीच तुमची मोजणी जोडलेली हवी. हे काम ठरवतानाच सर्वेक्षकाला स्पष्ट सांगा.

टेकाडाच्या माथ्याचा तलांक दाखवून पुरत नाही. जेवढी जमीन रेषेबाहेर काढायची मागणी आहे, तिचा सर्वात खालचा कोपराही पुराच्या पातळीच्या वर असला पाहिजे. अमेरिकेतही पूरनकाशात दुरुस्ती मागताना घराला लागून असलेल्या सर्वात खालच्या जमिनीचीच उंची बघतात, आणि भराव टाकून उंच केलेल्या जमिनीसाठी तिथे वेगळा अर्ज असतो. भरावाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मुरूम टाकून रान वर उचलायचे आणि मग रेषा हलवा म्हणायचे, हे बरोबर नाही. तुमच्या भरावाने अडलेले पाणी शेजाऱ्याच्या उसात जाते.

अर्ज कार्यकारी अभियंत्यांच्या नावे करावा. सोबत सातबारा, गटाचा नकाशा, त्यावर मांडलेले तलांक, सर्वेक्षकाची सही आणि बेंचमार्कचा तपशील जोडावा. आवक नंबर असलेली पोच घ्यावी. रेषा सरकवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला किंवा नगररचना कार्यालयाला नाही, तिथे हेलपाटे घालू नका. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे जलसंपदा विभागाने रेषा बदलली की विकास योजनेच्या नकाशातली रेषाही बदललेली धरली जाते.

मामांच्या 31 गुंठ्यांचे तलांक घेतले, तेव्हा 19 गुंठेच निळ्या रेषेच्या पातळीच्या वर निघाले. उरलेले 12 गुंठे खाली. मामा माझ्यावर चिडले. म्हणाले, "तू आमच्या बाजूचा की सरकारच्या?" मग मीच विचारले, "2019 ला पाणी जांभळीपर्यंत आलं होतं की नाही?" थोडा वेळ गप्प राहून त्यांनी मान डोलावली. जांभूळ त्या 12 गुंठ्यांच्या वरच्या कडेला आहे. आम्ही 19 गुंठ्यांचाच अर्ज केला.

ते 19 गुंठेही लाल रेषेच्या आतच आहेत. म्हणजे मागणी मान्य झाली तरी बांधकामाची जमीन लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 45 सेंटिमीटर वर घ्यावी लागेल. जोत्याचा खर्च त्या हिशेबाने धरा. शिवाय टेकाडाला चारी बाजूंनी पाण्याचा वेढा पडत असेल, तर वैरण आणि डॉक्टर तिथे पोहोचणार कसे, याचा विचार अर्जाआधी करा. मामांच्या टेकाडाला मागच्या बाजूने उंचावरचा गाडीरस्ता आहे, म्हणून मी त्यांना अर्ज करा म्हटले. नाहीतर म्हटले नसते.

अधिकारी स्वतःचे यंत्र घेऊन येऊन तलांक तपासून गेले. दोन्ही मोजण्यांत 3 सेंटिमीटरचा फरक निघाला. निर्णय अजून यायचा आहे.

तुमच्यापैकी ज्यांना हे करायचे आहे, त्यांनी ऊस तुटून गेल्यावर, फेब्रुवारी ते मे या काळात तलांक घ्यावेत. उभ्या उसात स्टाफ दिसत नाही. आणि यंदा पूर आलाच, तर पाणी सर्वात वर असताना विहिरीच्या भिंतीवर, विजेच्या खोलीवर ऑइलपेंटने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. मोजणीच्या वेळी त्या रेघेचाही तलांक घ्यायला सांगा.