बुधवारचे कोरे रकाने

(कोरेगाव येथे मधुमेहाचे रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



उसाच्या फडांच्या या मुलखात उभे राहून साखरेविषयी तक्रार करणे म्हणजे कृतघ्नपणाच. तरीही आज तो करणार आहे. गेली २१ वर्षे मधुमेह माझ्या घरी मुक्कामाला आहे. त्यांतली ९ वर्षे मी इन्सुलिन घेतो. मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालो आणि हयात बातम्या लिहिण्यात गेली. अशा माणसाने ५३व्या वर्षी संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा छंद लावून घ्यावा, याचे घरच्यांना नवल वाटले, काहीशी काळजीही वाटली.

निमित्त झाले पायाच्या जखमेचे. ती महिनाभर भरेना. बाहेर फिरणे बंद, मन कडवट झालेले. मुलीचा जुना लॅपटॉप घरात पडून होता. तिने पायथॉन नावाच्या भाषेची तोंडओळख करून दिली. पहिली आज्ञावली पाढ्यांची, जेमतेम चार ओळींची. पण यंत्र ती स्वीकारीना. तासाभराने ध्यानात आले की, एका ओळीच्या शेवटी अपूर्णविराम राहून गेला आहे. आयुष्यभर इतरांची मुद्रिते तपासणाऱ्या मला त्या क्षणी फार हसू आले आणि बरेही वाटले. आजारात आपले नेमके कुठे चुकले, हे कोणी सांगत नाही. पथ्य पाळूनही साखर वाढते. येथे मात्र चूक सापडत होती आणि सापडली की दुरुस्त होत होती. रुग्णाला असे समाधान क्वचितच लाभते.

पुढचे सांगताना थोडा संकोच वाटतो. साखरेची नोंदवही मी इमानाने ठेवतो, असा माझा लौकिक होता. वस्तुतः तीत मी सोयीचेच आकडे लिहीत असे. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री दोन-तीन चांगले आकडे भरून टाकण्याचे पापही केले आहे. येथे बसलेल्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू दिसते आहे, म्हणून धीर करून सांगतो.

परंतु रक्त तपासण्याच्या छोट्या यंत्राला स्मरणशक्ती असते. प्रत्येक आकडा ते तारीख-वेळेसह जपून ठेवते. छंद म्हणून मी ते सारे आकडे तीन संध्याकाळी बसून संगणकात भरले आणि वारानुसार, वेळेनुसार त्यांची विभागणी करणारी आज्ञावली लिहिली. बुधवार वेगळाच निघाला. रात्री ११च्या सुमारास ५८, ६२, ६१. गुरुवारी सकाळी २४०, २६०. बुधवारी आमच्या अंकाची पाने लागतात. इन्सुलिन नेहमीच्या वेळी आणि जेवण मात्र मध्यरात्री, असा तो प्रकार. साखर उतरली की हात थरथरत. मग गोड चहा आणि मूठमूठ फरसाण. वहीत हे बुधवारचे रकाने कोरे होते. सौभाग्यवतींना आलेख दाखवला, तर त्या म्हणाल्या, “बुधवारी तुम्ही विनाकारण चिडता, हे मी किती वर्षे सांगते आहे!”

आणि तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी? ती सातच्या आसपास, उत्तम! ६० आणि २४० यांची सरासरी १५० येते, हे आपण शाळेत शिकलो. पण स्वतःच्या रक्ताला तो हिशेब लावून पाहिला नव्हता.

अमेरिकेतील डेना लुईस या तरुणीची हकिकत मी यानंतर वाचली. तिचे शिक्षण जनसंपर्काचे. पत्रकार सहसा जनसंपर्कवाल्यांकडून काही शिकत नाहीत, मी शिकलो. तिला किशोरवयापासून पहिल्या प्रकारचा मधुमेह होता. माझा दुसऱ्या प्रकारचा, हा भेद लक्षात ठेवावा. शरीराला लावलेले साखरमापक यंत्र रात्री इशारा देई. पण तो इतका क्षीण की तिला जागच येत नसे. जॉन कॉस्टिक नावाच्या एका पित्याने आपल्या मधुमेही मुलासाठी त्या यंत्रातील आकडे बाहेर काढण्याची आज्ञावली लिहिली होती. तिच्या आधारे डेना आणि स्कॉट लायब्रँड यांनी २०१३ साली मोठ्या आवाजाचा इशारा तयार केला. मग साखर पुढे कुठे जाईल याचे अनुमान आले, आणि २०१४च्या अखेरीस इन्सुलिनचा पंप त्या अनुमानाने आपोआप कमी-जास्त होऊ लागला. २०१५ साली त्यांनी ती पद्धत सर्वांसाठी खुली केली. स्वतःच्या झोपेसाठी केलेला खटाटोप परक्या माणसांच्या कामी आला.

माझी आज्ञावली ४० ओळींची. ती औषध सुचवत नाही आणि मीही स्वतः मात्रा बदलली नाही. आलेख डॉक्टरांपुढे ठेवला, वहीतील लबाडी कबूल केली. ते रागावले नाहीत. बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि बुधवारची वेळापत्रके त्यांनी नव्याने आखून दिली. आता पाने लागण्यापूर्वी घरून डबा येतो. पायाची बधिरता तशीच आहे, ती जाणारही नाही. गेल्या संक्रांतीला गुळपोळीने आकडा २१४वर नेला. तोही भरला आहे.

लॅपटॉप बरोबर आणला आहे. कोणाला आपले यंत्र जोडीला घेऊन आकडे भरून पाहायचे असतील, तर संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी येथेच आहे. वही नाही आणली तरी चालेल.