पहिल्या पिकोसेकंदाचा हिशेब



अध्यक्षाने भाषणात भौतिकशास्त्राच्या सर्व शाखांचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. आढाव्यात सगळ्यांची नावे येतात आणि कुणाच्याच पदरात काही पडत नाही. त्यापेक्षा एका पदार्थाविषयी, आणि त्यातही सेकंदाच्या एका फार लहान तुकड्याविषयी बोलतो.

पदार्थ आहे बिस्मथ टेल्युराइड. वीज दिली की एका बाजूने गार होणाऱ्या पेल्टिए कूलरमध्ये तो १९५० च्या दशकापासून मुकाट्याने राबतो आहे. २००९ मध्ये मात्र कळले, की त्याच्या आणि बिस्मथ सेलेनाइडच्या पृष्ठभागावर काही वेगळेच चालते. स्फटिक आतून दुर्वाहक, पण पृष्ठभाग वाहक. हा काही वरून दिलेला मुलामा नव्हे; स्फटिक चिरला तर नवा पृष्ठभागही तसाच निघतो. यालाच टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात. पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनची दिशा आणि त्याचा स्पिन एकमेकांना जखडलेले असतात. उलट फिरायचे तर स्पिनही उलटवावा लागतो, आणि चुंबकीय नसलेल्या साध्या अशुद्धीला ते जमत नाही.

इथवरची गोष्ट आता लोकप्रिय लेखांतूनही येते. पुढे मात्र ‘अडथळ्याविना वाहणारी वीज’ असे ठोकून दिले जाते, तिथे माझी तक्रार आहे. मनाई आहे ती फक्त नेमके १८० अंशांत मागे फिरण्याला. नव्वद किंवा दीडशे अंशांत वळायला इलेक्ट्रॉन मोकळा आहे. शिवाय स्फटिकाची कंपने आहेत. बिस्मथ सेलेनाइडमध्ये तर सेलेनियमच्या रिकाम्या जागा राहतात आणि ‘दुर्वाहक’ म्हणवणारे अंतरंग बरीच वीज वाहून नेते. तेव्हा ‘वाहतो का?’ एवढे विचारून भागत नाही. किती वेळ वाहतो, हे विचारावे लागते.

हा वेळ मोजतात कसा? आइन्स्टाइनचा १९०५ चा प्रकाशविद्युत परिणाम आपण बारावीला शिकवतो, तोच इथे कामाला येतो. अतिनिर्वात कक्षात स्फटिकाचा ताजा पृष्ठभाग उघडायचा. त्यासाठी बऱ्याचदा साधी चिकटपट्टीही पुरते. लेझरचे पहिले स्पंद इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळ्यांत ढकलते. मागून येणारे अतिनील स्पंद त्यांना बाहेर काढते, आणि बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा व कोन मोजून आत काय चालले होते ते कळते. दोन स्पंदांमधले अंतर राखायला घड्याळ लागत नाही, सरकता आरसा लागतो. आरसा १५ मायक्रॉन मागे घेतला की प्रकाशाचा जाण्यायेण्याचा मार्ग ३० मायक्रॉनने वाढतो आणि दुसरे स्पंद १०० फेम्टोसेकंद उशिरा पोहोचते. या एका आकडेमोडीवर वर्गात अख्खी तासिका रंगते.

स्पंद आणखी आखूड केले तर? तिथे अनिश्चितता आडवी येते. १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाची ऊर्जा निसर्गतःच सुमारे १८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट पसरलेली असते. स्पंद दहापट आखूड केले की पसाराही दहापट. बिस्मथ सेलेनाइडमधील ऊर्जा-अंतर जेमतेम ३०० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. केव्हा घडले ते अचूक कळावे की कोणत्या पातळीवर घडले ते, याचा सौदा प्रत्येक प्रयोगशाळेला करावाच लागतो. अनिश्चिततेचे तत्त्व शिकवताना आपण नेहमीचे काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचे उदाहरण देतो. हे उदाहरण त्याहून खरे आहे.

२०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने बिस्मथ सेलेनाइडवर असे मोजमाप केले, तेव्हा पृष्ठभागावर उत्तेजित इलेक्ट्रॉन १० पिकोसेकंदांहून अधिक काळ दिसत राहिले. पृष्ठभागाच्या अंगच्या चिवटपणाचे हे श्रेय नव्हते. अंतरंगातल्या वरच्या पट्ट्यात अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपत होते. गच्चीवरची टाकी भरलेली असली की खालचा नळ चालूच राहतो, तसे. ज्या अंतरंगाला सगळे शिव्या देत होते, तेच रसद पुरवत होते. मला स्वतःला हा निष्कर्ष त्या वर्षांतल्या कितीतरी गाजलेल्या शोधनिबंधांपेक्षा मोलाचा वाटतो.

२०१८ मध्ये मारबुर्ग आणि रेगेन्सबुर्ग इथल्या संशोधकांनी बिस्मथ टेल्युराइडवर टेराहर्ट्झ लहर सोडली आणि लहरीचे एक आवर्तन पुरे होण्याआधीच इलेक्ट्रॉनांचा समूह सरकताना टिपला. विखुरण्याआधी त्यांना एक पिकोसेकंद किंवा त्याहूनही जास्त अवधी मिळतो, असे दिसले. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे चार लाख मीटर. म्हणजे तेवढ्यात ते काही शे नॅनोमीटर विनाअडथळा धावतात. आजचे ट्रान्झिस्टर याहून कितीतरी लहान असतात. ‘अडथळ्याविना’ या शब्दाला आता कुठे एक मोजमाप मिळाले, आणि माझ्या लेखी त्या शब्दाची किंमत त्यामुळे वाढलीच.

त्याआधी, २०१३ मध्ये, एमआयटीत गेडिक यांच्या गटाने दाखवले होते, की प्रकाश पडत असेपर्यंत स्फटिकाच्या ऊर्जापट्ट्यांच्या प्रतिकृती उमटतात. आवर्ती प्रकाशाने पदार्थाची रचनाच तात्पुरती बदलते. पट्टे निश्चल असतात, ही फळ्यावरची आकृती तिथे अपुरी पडते. २०२३ मध्ये रेगेन्सबुर्गहून आणखी बारकावा आला: या प्रतिकृती प्रकाशाच्या एका आवर्तनातच उभ्या राहू लागतात.

उद्या सकाळी पदवी अभ्यासक्रमावर चर्चा आहे. घन अवस्थेच्या प्रकरणात वाहक, अर्धवाहक आणि दुर्वाहक यांची तीन चित्रे आहेत. एकातही काळाचा अक्ष नाही. सरकत्या आरशाचे गणित आणि स्टॅनफर्डच्या मोजमापाचा आलेख एवढे दोनच त्यात घालावेत, असा ठराव मी मांडणार आहे. विरोध करणाऱ्यांनी जरूर करावा, मात्र तासिका कुठून आणायच्या हा प्रश्न घेऊन यावे. त्याचे उत्तर मलाही हवे आहे.