पेठेची इभ्रत, लीगचं गणित
हिंगोलीत रामलीला मैदान म्हटलं की दसरा आठवतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियम म्हटलं की फुटबॉल. तिथले संघ म्हणजे पेठा नि तालमी. कुस्तीच्या तालमींनीच चेंडूही आपलासा केला. लीगचं गणित सोपं: विजयाला 3 गुण, बरोबरीला 1, हरलात तर भोपळा. पण शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम मंडळ समोरासमोर आले, की गुणतक्ता कोण बघतो? शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ! शेवटून दुसरा संघही त्या दिवशी पहिल्यासारखा खेळतो. 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. कधी सामन्याला गेलात, तर आपण कुणाच्या समर्थकांत बसतोय, हे मात्र आधी विचारून घ्या बरं का!